भार संतुलन (वितरित संगणन)

भार संतुलन ही वितरित संगणन प्रणालीतील कामे अनेक संगणकांमध्ये, अथवा त्यांवर चालणाऱ्या सॉफ्टवेअर एजंटांमध्ये, वाटून देण्याची प्रक्रिया होय. एका घटकापुढे कामांची रांग साचलेली असताना दुसरा घटक रिकामा राहू नये, हा तिचा हेतू असतो. डिजिटल देयके, रेल्वे आरक्षण, हवामानाच्या अंदाजासाठी केली जाणारी आकडेमोड, शोधयंत्रे अशा अनेक सेवांचा वेग आणि विश्वासार्हता भार संतुलनावर अवलंबून असते.

प्रत्येक घटकाला अगदी सारखे काम देणे हे भार संतुलनाचे उद्दिष्ट नाही. कामाला लागणारा एकूण वेळ कमी करणे आणि कोणताही घटक कोलमडू न देणे, हे त्याचे उद्दिष्ट असते. यातील मुख्य अडचण माहितीची आहे. इतरांवर या क्षणी किती भार आहे हे कोणत्याही एजंटाला अचूकपणे ठाऊक नसते. त्याच्याकडील माहिती थोडी जुनी असते आणि नवी माहिती मागवण्यासाठीही वेळ व साधने खर्च होतात. त्यामुळे अपुऱ्या माहितीवर, कमी खर्चात, पुरेसा चांगला निर्णय कसा घ्यावा, हा या विषयाच्या अभ्यासाचा गाभा आहे.

संकल्पना

वितरित प्रणालीतील प्रत्येक संगणकाला नोड असे म्हणतात. नोडकडे आलेल्या विनंतीला किंवा आकडेमोडीच्या तुकड्याला कार्य म्हणतात. नोडवर चालू असलेली व रांगेत थांबलेली कार्ये मिळून त्याचा भार ठरतो. प्रोसेसरचा वापर, व्यापलेली स्मृती आणि जाळ्यावरील वाहतूक ही देखील भाराची मापे म्हणून वापरली जातात.

सॉफ्टवेअर एजंट म्हणजे स्वतःच्या परिसरातील माहिती घेऊन स्वतः निर्णय घेणारा आणि इतरांशी संदेशांद्वारे संवाद साधणारा प्रोग्राम. अशा एजंटांच्या समूहाला बहुएजंट प्रणाली म्हणतात. समूहातील एजंट एकाच संस्थेचे असतीलच असे नाही. अनेकदा त्यांचे मालक वेगळे आणि हितसंबंधही वेगळे असतात. या स्वायत्ततेमुळे बहुएजंट प्रणालीतील भार संतुलन हे एकाच चालकाच्या अखत्यारीतील भार संतुलनापेक्षा अधिक कठीण ठरते.

रांग आणि विलंब

भार असमान झाल्यास होणारे नुकसान रांग सिद्धान्ताच्या साहाय्याने मोजता येते. विनंत्या यादृच्छिक अंतराने येतात आणि प्रत्येक विनंतीस लागणारा वेळही यादृच्छिक असतो, असे मानणाऱ्या सर्वांत सोप्या प्रतिमानात सरासरी प्रतिसादकाल हा 'एक भागिले (सेवेचा दर वजा आगमनाचा दर)' इतका असतो.

समजा, एक सर्व्हर सेकंदाला १०० विनंत्या हाताळू शकतो. सेकंदाला ५० विनंत्या आल्यास सरासरी प्रतिसादकाल २० मिलिसेकंद असतो. ९० विनंत्या आल्यास तो १०० मिलिसेकंद, तर ९९ विनंत्या आल्यास तब्बल १ सेकंद होतो. म्हणजेच भार दुपटीपेक्षाही कमी प्रमाणात वाढला, तरी विलंब ५० पट वाढतो.

आता असे दोन सर्व्हर आहेत आणि सेकंदाला एकूण १०० विनंत्या येतात, असे मानू. प्रत्येकाकडे ५० विनंत्या गेल्यास सरासरी विलंब २० मिलिसेकंद राहतो. एकाकडे ९५ आणि दुसऱ्याकडे ५ विनंत्या गेल्या, तर सर्व विनंत्यांचा सरासरी विलंब सुमारे १९० मिलिसेकंद होतो. यंत्रे तीच आणि एकूण कामही तेवढेच. केवळ वाटणी बदलल्याने विलंब साडेनऊ पट होतो. दुसरीकडे, ५० व ५० ऐवजी ५२ व ४८ अशी वाटणी झाल्यास विलंबात जाणवण्याजोगा फरक पडत नाही. परिपूर्ण समानतेसाठी मोठा खर्च करण्यापेक्षा टोकाची विषमता टाळणे महत्त्वाचे असते, ते यामुळे.

प्रकार

स्थिर आणि गतिमान: वाटणीचा नियम आधीच ठरलेला असेल आणि प्रत्यक्ष भार पाहून तो बदलत नसेल, तर त्यास स्थिर भार संतुलन म्हणतात. कार्ये क्रमाने एकेका नोडला देणारी फेरी पद्धत हे त्याचे परिचित उदाहरण आहे. कार्ये सारख्या आकाराची आणि नोड सारख्या क्षमतेचे असल्यास ही पद्धत पुरेशी ठरते. गतिमान भार संतुलनात सद्यःस्थिती पाहून निर्णय घेतला जातो.

केंद्रीय आणि विकेंद्रित: केंद्रीय पद्धतीत एकच वाटप-एजंट सर्व कार्ये स्वीकारतो आणि नोडकडे पाठवतो. त्याला समग्र चित्र दिसते. परंतु तोच बंद पडल्यास किंवा त्याच्यावरच गर्दी झाल्यास संपूर्ण प्रणाली अडते. विकेंद्रित पद्धतीत प्रत्येक एजंट आपापल्या शेजाऱ्यांकडून मिळालेल्या माहितीवर निर्णय घेतो.

प्रेषकप्रेरित आणि ग्राहकप्रेरित: काम जास्त झालेला नोड ते सोपवण्यासाठी दुसऱ्याचा शोध घेत असेल, तर ती प्रेषकप्रेरित पद्धत होय. रिकामा नोड स्वतःहून काम मागत असेल, तर ती ग्राहकप्रेरित पद्धत होय. डेरेक ईगर, एडवर्ड लाझोव्स्का आणि जॉन झाहोर्जन यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांनुसार, भार हलका किंवा मध्यम असताना प्रेषकप्रेरित आणि भार जास्त असताना ग्राहकप्रेरित पद्धत सरस ठरते. सर्वच नोड व्यग्र असताना रिकाम्या नोडचा शोध घेणे हे स्वतःच एक जादा काम होऊन बसते, हे यामागील कारण आहे. फार थोडी माहिती वापरणाऱ्या साध्या नियमांनीही बहुतांश लाभ पदरात पडतो, असा निष्कर्षही याच संशोधकांनी काढला.

प्रमुख पद्धती

कंत्राट-जाल: रीड स्मिथ यांनी १९८० मध्ये मांडलेली ही पद्धत निविदा प्रक्रियेसारखी आहे. ज्या एजंटाकडे काम आहे तो त्याची घोषणा करतो. इच्छुक एजंट आपली क्षमता आणि सद्यःभार पाहून बोली लावतात. सर्वांत योग्य बोलीला काम दिले जाते. काम मिळालेला एजंट त्याचे तुकडे करून पुढे स्वतःही निविदा काढू शकतो. एजंटांवर सक्ती नसल्यामुळे स्वायत्त घटकांसाठी ही पद्धत सोयीची आहे. तिचा दोष म्हणजे संदेशांची संख्या. १०० एजंटांना घोषणा पाठवली आणि सर्वांनी बोली लावली, तर एका कामासाठी २०० हून अधिक संदेश लागतात. काम छोटे असल्यास ते करण्यापेक्षा त्याची वाटणी करणेच महाग पडते.

विसरण: जॉर्ज सायबेंको यांनी १९८९ मध्ये विश्लेषण केलेल्या या पद्धतीत प्रत्येक नोड फक्त आपल्या शेजाऱ्यांशी भाराची तुलना करतो आणि फरकाचा ठरावीक अंश कमी भाराच्या बाजूला सरकवतो. एका ओळीतील तीन नोडवर अनुक्रमे १२, ४ आणि ० कार्ये असतील आणि प्रत्येक जोडीतील फरकाचा चौथा भाग सरकवला जात असेल, तर एका फेरीनंतर भार १०, ५ आणि १ असा होतो. अशा फेऱ्यांमधून भार हळूहळू समान पातळीकडे जातो. कोणालाही संपूर्ण जाळ्याची माहिती लागत नाही. मात्र मोठ्या जाळ्यात समतोल साधण्यास अनेक फेऱ्या लागतात.

कार्यचोरी: या ग्राहकप्रेरित पद्धतीत काम संपलेला घटक यादृच्छिकपणे दुसरा घटक निवडतो आणि त्याच्या रांगेतील काम उचलून घेतो. सर्व घटक व्यग्र असतील तर कोणीही काम मागत नाही, त्यामुळे ऐन गर्दीत संतुलनाचा खर्च जवळजवळ शून्यावर येतो. रॉबर्ट ब्लुमोफ आणि चार्ल्स लायझरसन यांनी १९९० च्या दशकात या पद्धतीचे गणिती विश्लेषण केले. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील 'सिल्क' या भाषेत ती वापरली गेली आणि पुढे जावा व गो या भाषांच्या प्रणालींतही तिचा अवलंब झाला.

दोन पर्यायांची निवड: यात सर्व नोडची चौकशी न करता यादृच्छिकपणे दोनच नोड निवडले जातात आणि त्यांपैकी कमी भार असलेल्याला काम दिले जाते. १० लाख कार्ये १० लाख नोडवर केवळ यादृच्छिकपणे टाकली, तर सर्वाधिक भाराच्या नोडवर सुमारे ८ ते ९ कार्ये येतात. दोनांतून एक निवडल्यास ही संख्या साधारण ४ वर येते. अझर, ब्रॉडर, कार्लिन आणि उपफल यांनी १९९४ मध्ये हा निष्कर्ष सिद्ध केला. पुढे मायकेल मिट्झेनमाकर यांनी तो रांगांच्या प्रणालींना लागू केला. दोनऐवजी तीन किंवा चार नोड तपासल्याने मिळणारा जादा लाभ तुलनेने अल्प असतो.

सुसंगत हॅशिंग: काही कामांसाठी लागणारा डेटा विशिष्ट नोडवरच साठवलेला असतो आणि अशी कामे कोठेही पाठवून चालत नाही. डेटाचा पत्ता 'क्रमांक भागिले नोडची संख्या' या भागाकाराच्या बाकीवरून ठरवला, तर १० नोडमध्ये अकरावा मिळवताच सुमारे १० अकरांश डेटाचा पत्ता बदलतो. डेव्हिड कार्गर आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मांडलेल्या सुसंगत हॅशिंगमध्ये अशा वेळी सरासरी फक्त एक अकरांश डेटा हलवावा लागतो.

शिळी माहिती आणि झुंड परिणाम

'सर्वांत कमी भाराच्या नोडला काम द्यावे' हा नियम निर्दोष वाटतो; परंतु माहिती शिळी असल्यास तोच हानिकारक ठरतो. एखाद्या रेल्वे स्थानकावर पाच क्रमांकाची तिकीट खिडकी रिकामी असल्याची घोषणा झाली, तर सर्व रांगांमधील प्रवासी तिकडे धावतात. क्षणापूर्वी रिकामी असलेली खिडकी सर्वांत गर्दीची होते आणि पुढील घोषणेपर्यंत इतर खिडक्या ओस पडतात. वितरित प्रणालीत यास झुंड परिणाम म्हणतात. प्रत्येक एजंटाचा निर्णय त्याच्यापुरता तर्कशुद्ध असतो. चूक सर्वांनी एकाच वेळी, एकाच जुन्या माहितीवरून, एकच निर्णय घेण्यात असते.

यावरील उपाय म्हणजे निर्णयात थोडी यादृच्छिकता आणणे. दोन पर्यायांच्या निवडीत प्रत्येक एजंट वेगळी जोडी तपासत असल्यामुळे सर्वांची धाव एकाच नोडकडे जात नाही. दुसरा उपाय म्हणजे उंबरठा ठरवणे. भारातील फरक ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्याशिवाय काम हलवले जात नाही. उंबरठा नसल्यास तेच काम दोन नोडमध्ये मागे-पुढे फिरत राहते आणि प्रत्यक्ष काम होतच नाही.

महाराष्ट्रातील वाटचाल

भारतातील समांतर संगणनाच्या विकासात प्रगत संगणन विकास केंद्राचा, म्हणजे सी-डॅकचा महत्त्वाचा वाटा आहे. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या या संस्थेने विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक तयार केला. त्यात ट्रान्सप्यूटर नावाचे अनेक प्रोसेसर एकमेकांना जोडलेले होते. प्रत्येक प्रोसेसरची स्मृती स्वतंत्र असल्याने त्यांच्यातील देवाणघेवाण संदेशांद्वारेच होत असे. अशा रचनेत आकडेमोडीचे तुकडे कसे पाडावेत आणि कोणता तुकडा कोणाकडे द्यावा, यावर वेग अवलंबून असतो. सर्वांत मागे राहिलेला प्रोसेसर संपूर्ण कामाचा शेवट ठरवतो.

मुंबईत १९८५ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र २००३ मध्ये सी-डॅकमध्ये विलीन झाले. सी-डॅकच्या मुंबई केंद्राचा एक परिसर नवी मुंबईत खारघर रेल्वे स्थानकासमोर आहे.

सी-डॅकच्या 'गरुड' या राष्ट्रीय ग्रिड प्रकल्पात पहिल्या टप्प्यात १७ शहरांतील ४५ संस्थांची संगणकीय साधने जाळ्याने जोडण्यात आली. ग्रिडमध्ये प्रत्येक संस्थेची साधने तिच्याच नियंत्रणाखाली राहतात आणि स्थानिक वापरकर्त्यांना प्राधान्य मिळू शकते. त्यामुळे ग्रिडच्या नियोजकाला आज्ञा देता येत नाही. तो उपलब्धतेची चौकशी करतो आणि काम सुपूर्द करतो. एका संस्थेतील महासंगणक आणि स्वायत्त संस्थांचा ग्रिड यांतील हा फरक बहुएजंट भार संतुलनाचे स्वरूप स्पष्ट करतो.

नवी मुंबईतील डेटा सेंटरे

ठाणे खाडीच्या पूर्वेस वसलेले नवी मुंबई हे शहर मुंबईवरील ताण कमी करण्याच्या हेतूने नियोजित करण्यात आले. त्यासाठी १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. न्हावा शेवा बंदरही मुंबई बंदरावरील भार हलका करण्यासाठी उभारले गेले आणि १९८९ मध्ये कार्यान्वित झाले. आज याच परिसरात ऐरोली, रबाळे आणि महापे येथे, तसेच पनवेल भागात मोठी डेटा सेंटरे आहेत. पनवेल येथील योट्टा कंपनीचे 'एनएम१' हे डेटा सेंटर जुलै २०२० मध्ये सुरू झाले.

डेटा सेंटरांमधील अंतर हा भार संतुलनातील महत्त्वाचा घटक आहे. प्रकाशतंतूमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर वेगाने जातो. १० किलोमीटर अंतरावरील दोन केंद्रांमध्ये संदेश जाऊन उत्तर येण्यास केवळ ०.१ मिलिसेकंद लागतो, तर १,००० किलोमीटरसाठी किमान १० मिलिसेकंद लागतात. म्हणून ऐरोली आणि महापे येथील केंद्रांना परस्परांच्या भाराची बरीच ताजी माहिती ठेवता येते; चेन्नईतील केंद्राविषयीची माहिती मात्र स्वाभाविकपणे अधिक शिळी असते.

जवळीक सोयीची असली तरी तिच्यात धोकाही असतो. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई या तिन्ही ठिकाणी एकाच वेळी वीजपुरवठा खंडित झाला होता. अशा प्रसंगी डेटा सेंटरे स्वतःच्या जनित्रांवर चालतात. तथापि सर्व पर्यायी नोड एकाच परिसरात असल्यास त्यांच्यावरील संकटही एकच असू शकते. यामुळे महत्त्वाच्या सेवांचा भार दूरच्या शहरातील केंद्रावरही वळवता येईल अशी तरतूद केली जाते. त्यासाठी प्रत्येक केंद्रात रिकामी क्षमता राखून ठेवावी लागते. दोन केंद्रे प्रत्येकी ६० टक्के क्षमतेने चालत असतील, तर एक बंद पडल्यावर दुसऱ्यावर १२० टक्के भार येईल आणि तेही कोलमडेल.

यूपीआय: एक उदाहरण

वेगवेगळ्या मालकीच्या एजंटांमधील भार संतुलनाचे ठळक भारतीय उदाहरण म्हणजे एकीकृत देयक प्रणाली, अर्थात यूपीआय. तिचा प्रारंभ ११ एप्रिल २०१६ रोजी मुंबईत झाला. मुंबईत मुख्यालय असलेले भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळ ही प्रणाली चालवते. एका व्यवहारात ग्राहकाचे अ‍ॅप, त्यामागील बँक, महामंडळाची मध्यवर्ती यंत्रणा, पैसे देणारी बँक आणि पैसे स्वीकारणारी बँक अशा अनेकांचे सॉफ्टवेअर सहभागी असते. ऑगस्ट २०२५ मध्ये व्यवहारांच्या संख्येने महिन्याला २,००० कोटींचा टप्पा ओलांडला. ही सरासरी सेकंदाला सुमारे ७,५०० व्यवहार इतकी होते. गर्दीच्या वेळचा दर त्याहून जास्त असतो.

१२ एप्रिल २०२५ रोजी यूपीआय सेवेत देशभर व्यत्यय आला. महामंडळाच्या स्पष्टीकरणानुसार, व्यवहाराची स्थिती तपासणाऱ्या विनंत्यांचा पूर आल्याने प्रणालीवर ताण आला होता. काही बँकांकडून जुन्या व्यवहारांचीही वारंवार चौकशी केली जात होती. उत्तर मिळाले नाही म्हणून पुन्हा विचारणे हे एकेका एजंटाच्या दृष्टीने योग्यच असते. मात्र यंत्रणा मंदावताच सर्वांनी तसे केले, की विचारणांचा भार मूळ कामाहून मोठा होतो, यंत्रणा आणखी मंदावते आणि आणखी विचारणा येतात. हे दुष्टचक्र केवळ सर्व्हर वाढवून तुटत नाही.

त्यानंतर केलेले उपाय एजंटांच्या वर्तनाचे नियमन करणारे आहेत. स्थिती तपासण्याच्या विनंत्यांवर मर्यादा घालण्यात आल्या. १ ऑगस्ट २०२५ पासून एका अ‍ॅपवरून दिवसाला जास्तीत जास्त ५० वेळा खात्यातील शिल्लक पाहता येते. आपोआप वजा होणारे हप्ते सकाळी १० ते दुपारी १ आणि सायंकाळी ५ ते रात्री ९:३० या गर्दीच्या वेळा वगळून प्रक्रियेस घेतले जातात. यांतील शेवटचा उपाय काम एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर नव्हे, तर एका वेळेवरून दुसऱ्या वेळेवर हलवतो. भार संतुलन अवकाशाप्रमाणे काळातही करता येते, याचे हे उदाहरण आहे.

मर्यादा

भार संतुलनाने नवी क्षमता निर्माण होत नाही. असलेली क्षमता नीट वापरली जाते इतकेच. एकूण मागणी एकूण क्षमतेपेक्षा जास्त झाल्यास कोणतीही वाटणी रांग वाढण्यापासून रोखू शकत नाही. अशा वेळी कमी महत्त्वाच्या विनंत्या नाकारणे, म्हणजे भारकपात करणे, आवश्यक ठरते. पुन्हा प्रयत्न करणाऱ्या एजंटांनी दर वेळी प्रतीक्षेचा काळ दुप्पट करावा आणि त्यात थोडी यादृच्छिक भर घालावी, असा संकेत जाळ्यांच्या रचनेत दीर्घकाळ रूढ आहे.

नाकारायच्या विनंत्या कोणत्या, हा प्रश्न निव्वळ तांत्रिक नसतो. शिल्लक तपासण्याची विनंती थांबवणे आणि रुग्णालयाचे देयक थांबवणे यांचे परिणाम सारखे नाहीत. ज्या एजंटाची विनंती वारंवार मागे ढकलली जाते त्याची उपासमार होऊ नये, हाही न्याय्य वाटणीचा निकष मानला जातो. त्यामुळे मोठ्या सार्वजनिक प्रणालींमध्ये भार संतुलनाचे नियम ठरवताना गतीबरोबरच प्राधान्यक्रमाचाही विचार करावा लागतो.

हेही पाहा

वितरित संगणन
बहुएजंट प्रणाली
रांग सिद्धान्त
समांतर संगणन
परम महासंगणक